आभाळ शेवटी रंगवायचं

देवकी,

तू गेल्याचं मला एका हिंदी बोलणाऱ्या माणसानं सांगितलं. फोनवर तुझंच नाव दिसलं म्हणून मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. गाडी सुटली की नाही अजून, मी इकडे पेटी काढून बसले आहे, अशी थेट सुरुवातच केली. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "आप इनके कौन लगते हो?" गोंदिया स्टेशनवरचा पोलिस होता तो. तुझ्या फोनवर शेवटचा नंबर माझा होता. मैत्रीण म्हणायला हवं होतं, बहीण म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "मैं पेटी बजाती हूं." त्यानं तेही लिहून घेतलं असावं. मग म्हणाला, घरून कुणाला तरी पाठवा.

बाकावर बसल्या बसल्या गेलीस म्हणे. मांडीवर रंगांची पिशवी आणि दोन्ही हात तिच्यावर. शेजारच्या बाईला वाटलं, डुलकी लागली असेल. आमगावची गाडी आली, सगळे चढले, तू उठली नाहीस, तेव्हा कुणीतरी खांद्याला हात लावला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मला ते अजून पटत नाही. सकाळी तू माझ्याकडे पोहे खाल्लेस, वर तिखट कमी आहे म्हणून मलाच बोललीस, जाताना माझी छत्री उचलून नेलीस. असं हृदय बंद पडणारं माणूस दुसऱ्याची छत्री नेतं का? मी सगळ्यांना हेच विचारत होते. लोक माझ्याकडे बघायचे आणि पाणी प्यायला द्यायचे.

मला रडू आलं नाही, हे तुला सांगून ठेवते. नंतर कुणीतरी चुगली करेलच. घाटावर नेलं तेव्हाही नाही. मी नुसती तुझ्या नखांकडे बघत होते. अंघोळ घातली तरी नखांतली नीळ गेली नव्हती. ममतानं, तुझ्या लेकीनं, ती काढू दिली नाही.

गोंदियाला जाणं ठरलेलं नव्हतं. मंडईच्या नाटकाचा पडदा अडला होता म्हणून तू गेलीस. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, मंडई म्हटली की नाटक आलं, आणि आपल्या या भागात नाटक म्हटलं की मागचा पडदा तुझा आणि गाण्याची चाल माझी, हे इतकी वर्षं चाललं. देवरीच्या कंपनीचं यंदाचं नाटक तसं साधं आहे. सगळा शेवट एका निरोपाच्या गाण्यावर. मुलगी आईचं घर कायमचं सोडून निघते, मागे नदी, पलीकडे धानाची शेतं आणि वर आभाळ. नदी झाली होती. धानसुद्धा झालं होतं, पिवळ्यात जरा हिरवं राखलेलं, कापणीच्या आधी असतं तसं. आभाळ कोरं होतं.

सगळे पेंटर आभाळ आधी करतात. ब्रशचे थेंब पडले तर खालचं काम नासू नये, इतकी साधी गोष्ट. तू आभाळ शेवटी करायचीस. तुझे वडील तुला यावरून शिव्या द्यायचे, ते मी लहानपणी माझ्या कानांनी ऐकलं आहे. पण तुझं म्हणणं असं, की आभाळ गाण्याचं असतं. गाणं झाल्याशिवाय त्याला रंग कुठला द्यायचा? बंद पडलेल्या राईस मिलच्या त्या गोदामात जमिनीवर कापड अंथरलेलं, तू अनवाणी त्याच्यावर, हातात लांब दांड्याचा ब्रश, चुलीवर रंगात घालायचा सरस शिजतोय त्याचा तो वास, कोपऱ्यात ममता रंग घोटते आहे आणि कापडाच्या टोकाशी मी पेटी घेऊन. मी एक ओळ लावायची. तू डोळे मिटून उभी राहायचीस आणि म्हणायचीस, जांभळं होऊन राहिलं, थोडं उतरव. मी उतरवायची. मग म्हणायचीस, आता बरं आहे, आणि ममताला हाक मारायचीस, की निळीत एवढा गेरू टाक. म्हणजे माझी चाल तुझ्या आभाळावर ठरायची आणि तुझं आभाळ माझ्या चालीवर. आधी कोण, हे आपल्याला कधी सांगता आलं नाही.

माझा यावर विश्वास नव्हता. मी शाळेत संगीत शिकवलं आहे, सूर म्हणजे काय हे मला कळतं. कधी कधी तू काम थांबवून माझ्या पेटीला पाठीमागून तळहात लावून उभी राहायचीस आणि म्हणायचीस, इथं गरम आहे, इथं केशरी आहे, आणि मला हसू यायचं. मी तुला तोंडावर म्हटलं होतं, देवकी, तुझा कान चांगला आहे, बाकी सगळं नाटक. पडद्यांच्या संगतीत राहून तूही नाटकी झालीस. तू चिडायचीस. म्हणायचीस, तुमच्या पेटीत तं दोनच रंग, काळी एक नाहीतर पांढरी दोन, तुमाले काय कळणार.

आणि आपलं ते मोठं भांडण. ते तर अर्धवटच राहिलं. तुला आठवत असेल, एका मंडईत दोन गावांची दोन नाटकं एकाच दिवशी होती आणि दोन्ही पडदे तुझे. एक लग्नाच्या अंगणाचा आणि दुसरा मसणवटीचा. दोन्ही सारखेच घडी केलेले, टेम्पोवाल्यानं अदलाबदल करून पोचवले. आपण गेलो होतो लग्नाच्या नाटकाला. पडदा उघडला तर हळदीच्या गाण्यामागे मसणवट. दुसरा पडदा आणायला वेळ नव्हता. मी घाबरून काळी पाचच्या पट्टीतच सुरुवात केली, जशी तालमीत केली होती तशी. गाणं तेच, चाल तीच, पोरी तशाच नाचत होत्या. आणि समोरच्या बायका रडायला लागल्या. हळदीच्या गाण्यावर, पदर डोळ्यांना लावून. नाटक संपल्यावर गावचे लोक भांडायला यायच्याऐवजी तुझ्या पाया पडले.

परत येताना तू नुसती फुलून गेली होतीस. म्हणालीस, पाह्य, सूर तोच होता, मग रडले काऊन? मी म्हटलं, नवरीच्या मागे चिता दिसली तर कोणीही रडेल, त्यात तुझ्या रंगाचं काय कौतुक. तू म्हणालीस, चिता कुठं दिसे? पुढचा मांडव उभा होता ना, त्यानं सगळं झाकलं होतं. फक्त वरचं आभाळ दिसे. मी म्हटलं, लोकांना काय ते कळलंच असणार. तू म्हणालीस, कळलं नाई, दिसलं. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तेव्हा तुझं घर आलं आणि तू उतरलीस. मग दरवर्षी ते भांडण आपण मंडईच्या दिवसांत बाहेर काढायचो. मला यंदाही ते काढायचं होतं.

खरं सांगायचं तर तुझ्यावाचून माझं चालतही नव्हतं. माझ्या उजव्या कानाचं तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. वरचे सूर धरत नाही तो आता. पेटीवर बोट बरोबर पडतं, पण गळ्यातून वरचा सा निघतो तो नीट आहे की खाली आहे, मला कळत नाही. हेसुद्धा तूच आधी ओळखलंस. एक दिवस ब्रश थांबवून म्हणालीस, तुझं वरचं काऊन मळकट होऊन राहिलं? मी तुला झिडकारलं. मग नागपूरला जाऊन कान तपासला, मशीननंही तेच सांगितलं. तेव्हापासून मी मुकाट्यानं तुझ्या रंगांवर गाऊ लागले. चढलं की तू ब्रश वर करायचीस, पडलं की खाली. विश्वास ठेवला नाही, पण सांगितलेलं सगळं ऐकलं. आपल्या दोघींत हे असंच चालायचं आणि तू त्यावरून मला एकदाही चिडवलं नाहीस. इतर सगळ्यावरून चिडवलंस. आभार मानायचे राहिले. तू मानू दिले नसतेस, पण मी निदान सुरुवात तरी केली असती.

तू मात्र एकदा मला एक गोष्ट विचारली होतीस, हसत नव्हतीस तेव्हा. आपण आमगावच्या बाहेर बांधावर बसलो होतो, खाली धानात सारस ओरडला. तू म्हणालीस, तांब्याचा रंग आहे याच्या आवाजाचा. मी नेहमीसारखं हो हो केलं. तेव्हा तू म्हणालीस, "हे मी सोडून कोणालेच नाई दिसत का वो? मले कधी कधी भीती वाटते." मी काहीतरी थट्टा केली. काय केली ते आता आठवत नाही. तू पदर झटकलास आणि आपण उठलो.

तर या नाटकाचं गाणं अडलं होतं. निरोपाची ओळ मी कितीही फिरवली तरी तुला ती पसंत पडेना. सकाळचं आभाळ नको, संध्याकाळचंही नको म्हणत होतीस. मग म्हणालीस, गोंदियाला जाऊन येते, दुकानात रंग बघितले की सुचेल. आणि दुपारी तुझा फोन आला. स्टेशनवर गलका होता, तुझा आवाज मात्र खुशीत होता. म्हणालीस, "आभाळ भेटलं वो मले. फोनवर नाई सांगता येत. घरी आली का सांगीन." मी म्हटलं, निदान कोणत्या बाजूचं ते तरी सांग, मी सूर लावून ठेवते. तू म्हणालीस, पेटी काढून ठेव. एवढंच. मी पेटी काढून ठेवली.

पिशवी पोलिसांनी ममताच्या हाती दिली. मी सगळ्यांच्या आधी ती उघडली, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. वाटलं, त्यात काहीतरी नवीन असेल, कधी न आणलेला एखादा रंग, म्हणजे कळेल. नेहमीचीच पुडकी होती. नीळ, पिवडी, गेरू, काजळी. तुझं आभाळ त्या पिशवीत नव्हतंच. ते तुझ्या डोक्यात होतं आणि डोकं तू बरोबर घेऊन गेलीस. मला तुझा इतका राग आला, की मी पिशवी तशीच खाली टाकली आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

तेरवीच्या जेवणाला कंपनीचे मालक आले. वाईट माणूस नाही, तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मग हात धुताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मंडई तोंडावर आली. मी फ्लेक्स छापून आणतो गोंदियावून. गाण्याचंबी ट्रॅक बनवून घेऊ. तुमाले त्रास नको." दुसऱ्या सगळ्या कंपन्यांनी केव्हाच फ्लेक्स लावले आहेत, हे त्यांनी सांगितलं नाही. ते आपल्याला माहीतच होतं. एकदा त्यांच्या मागे फ्लेक्स लागला की पुढच्या वर्षी कापडाचा पडदा कोण मागणार? ममताचं सगळं त्या गोदामात आहे. दुसरं काही ती शिकलेली नाही आणि तिला शिकायचंही नाही. मी म्हटलं, पडदा होईल. गाणंही होईल. थोडे दिवस द्या. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

मी आणि ममता गोदामात गेलो. तू नाहीस हे तिथे गेल्यावर मला खरं कळलं. कापड तसंच अंथरलेलं होतं. तुझ्या पायांची बोटं नदीच्या काठाला उमटली होती, ओल्या रंगात पाय पडला असेल. ममतानं त्यावर रंग लावला नाही, आणि मीही लाव म्हटलं नाही.

मला वाटलं होतं, ममता आभाळाचं काहीतरी ठरवेल. इतकी वर्षं आईच्या हाताखाली आहे, काही तर ठरवेल. मी तिला म्हटलं, तुला वाटेल तो रंग दे गं पोरी, आता कोण विचारणार आहे. ती माझ्याकडे नवलानं बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुझं गाणंच पुरं होऊन नाई राहिलं, तं आभाळ कसं करू?" मी मनात म्हटलं, आईचा नियम पोरगी आंधळेपणानं पाळते आहे. ती तशी अबोलच. तुझ्याइतकं बोलणाऱ्या बाईच्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला वाव तरी कुठे होता.

मी बसले आणि वाजवायला लागले. काही लागेना, देवकी. ओळ हातात येई आणि निसटून जाई. समोर ब्रश वर-खाली करणारं कुणी नाही, मला कळेना की मी चढते आहे की पडते आहे. मी गात होते आणि मला माझंच नीट ऐकू येत नव्हतं. शेजारच्या चालू मिलची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला तिथे पहिल्यांदा रडू आलं. ते तुझ्यासाठी होतं की माझ्या कानासाठी, मला सांगता येणार नाही. ममता रंग घोटत राहिली. तिनं मला थांब म्हटलं नाही, की जवळ आली नाही. बरं केलं. मग मी डोळे पुसले आणि पुन्हा ती निरोपाची ओळ घेतली, उगाच, हात चालता राहावा म्हणून.

ममता मान वर न करता म्हणाली, "मावशी, ते शेवटचं काऊन राखाडी होऊन राहिलं?"

माझे हात भात्यावरच थांबले. मला वाटलं, आईचे शब्द पोरीच्या तोंडात बसले असतील. पण तू राखाडी कधीच म्हटलं नव्हतंस. जांभळं म्हणायचीस, मळकट म्हणायचीस, केशरी, तांबडं, तांब्याचं. राखाडी हा शब्द मी तुझ्या तोंडून एकदाही ऐकला नाही. मी तिला विचारलं, राखाडी म्हणजे काय? ती म्हणाली, पहिलं हिरवट चांगलं असते, आणि वर गेली का राखेवाणी होते. तिथं थोडं खाली घे. मी खाली घेतलं. ती म्हणाली, अजून नाई. आणखी थोडं. मी आणखी घेतलं, पट्टीच उतरवली, काळी चारपर्यंत. ती म्हणाली, "हां," आणि उठून निळीच्या डब्यात पिवडी टाकायला लागली, चिमटीनं, अजिबात न अडखळता.

मी भाता बंद केला. तिला विचारलं, ममता, तुला हे दिसतं? ती म्हणाली, दिसते ना. मी म्हटलं, केव्हापासून? तिला तो प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "मले वाटे सगळ्यायलेच दिसते. तुले नाई दिसत?"

मी नाही म्हटलं. मग मी तिला विचारलं, आईला हे कधी सांगितलं होतंस का?

"कायले सांगू? तिले तं दिसतच होतं."

एवढं बोलून ती ब्रश घेऊन कापडावर चढली. आता आभाळ होत आलं आहे. वाळलं की घडी करून देवरीला जाईल, मालकांना मी फोन करून सांगितलं, फ्लेक्स नको. ते काय रंगाचं आहे हे मी तुला सांगू शकत नाही. सकाळचं नाही, संध्याकाळचंही नाही. तुला स्टेशनवर भेटलेलं ते हेच का, हे तू सांगितल्याशिवाय कळायचं नाही, आणि तू सांगणार नाहीस.

पण भांडण तू जिंकलीस. हे मी आज तुझ्या घरी येऊन, चहा मागून, तुझ्या तोंडावर कबूल केलं असतं. तू सगळ्या आमगावला सांगत सुटली असतीस, तेही मी चालवून घेतलं असतं. देवकी, त्या दिवशी बांधावर बसून तू मला विचारलंस, मी सोडून कोणालेच नाई दिसत का, तेव्हा ममता मागे धानाच्या कडेला तुझ्या चपला हातात घेऊन उभी होती. सारस तिनंही ऐकला होता.